यादीतला बावड्याचा फोन

माझ्या यूट्यूबला गेल्या उन्हाळ्यात असं वाटायला लागलं, की मला स्कूटी शिकायची आहे. मी कॉलेजपासून गाडी चालवते. आधी लुना, मग भावानं टाकून दिलेली सनी, आता अ‍ॅक्टिव्हा. पावसाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरीच्या खड्ड्यांतून पायाशी भाजीची पिशवी दाबून धरत गाडी काढणाऱ्या बाईला ब्रेक कधी दाबायचा हे कुणी शिकवायला नको. तरीही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या फोन उघडला, की सगळ्यांत वर एक मोकळं मैदान, हेल्मेट घातलेली शिकवणारी पोरगी आणि पाय टेकत टेकत पुढं सरकणारी कुणीतरी मावशी. साडी कुठं खोचायची, पाय कधी उचलायचे, वळताना नजर कुठं ठेवायची. त्याच्याखाली म्हशीच्या गोचिडांवरचा उपाय, त्याखाली हरिपाठ, आणि पुन्हा स्कूटी. सुरुवातीला मजा वाटली. पुढं ‘वय झाल्यावर तोल राहतो का’ अशा अर्थाचं काहीतरी यायला लागलं तेव्हा मात्र जरा लागलं. पंचेचाळीस म्हणजे काही वय झालं नाही.

त्याच सुमारास जागा भरत आल्याचा मेल यायला लागला. मेल, फोटो, फाइली सगळं मिळून गूगलवर फुकटात १५ जीबी मिळतात. ते संपले की नवा मेल येणं थांबतं. आधी, थोडी कमी प्रत चालत असेल तर, फोटो हवे तितके चढवता यायचे. १ जून २०२१ पासून तेही त्याच हिशेबात धरले जायला लागले, पण आपली सवय तोवर बिघडलेली. बारशाचे, डोहाळजेवणाचे, गणपतीच्या रोजच्या आरतीचे, चारदा काढलेल्या एकाच ताटाचे. म्हटलं, बसून निवडूया. निवडायला बसले तर कितीतरी फोटो मी काढलेलेच नव्हते. ऊस तोडून नेल्यावर राहिलेल्या पाल्याचा ढीग. म्हशीचा एक कान. कुणाचा तरी अंगठा, तांबूस आणि धूसर. असे अंगठे तर भरपूर. गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांचा एक सुंदर फोटो, इतका सुंदर की मुद्दाम काढलाय की चुकून दाबला गेलाय ते कळू नये. लाइट बिल. आणि एका निळ्या स्कूटीचं नुसतं हँडल, जवळून, दोन्ही ब्रेक नीट दिसतील असं.

नवऱ्याला दाखवलं. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, दोन फोटो बघितले आणि निकाल दिला, “हॅक झालंय. काढ पहिलं.”

आता कुणाचं खातं फोडून कुणी त्यात सांडग्यांचे फोटो ठेवेल असं मला वाटेना. पण ‘हॅक’ हा शब्द एकदा घरात उच्चारला गेला की शांत झोप लागत नाही. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर एक यादी असते, आपलं खातं कुठल्या कुठल्या यंत्रांवर उघडलेलं आहे त्याची. ती बघा, ओळखीचं नसेल ते काढा, असं बँकेपासून मुलाच्या शाळेपर्यंत सगळे सांगत असतात आणि आपण मान डोलावत असतो. ती उघडली. बघताना पहिली भावना भीतीची होते, कारण आपल्या घरात आहेत त्यापेक्षा जास्त नावं तिथं दिसतात. एकच फोन दोनदा असतो, कारण यादी यंत्रांपेक्षा लॉग-इन मोजते. एकाच यंत्रावर दोनदा आत गेलात तर दोन ओळी. पुढं गावाचं नाव असतं तेही अंदाजाचं. फोन ज्या नेटवर्कवरून बोलतो त्याच्या पत्त्यावरून ते ठरतं, आणि मोबाइल कंपनीचा पत्ता बऱ्याचदा भलत्याच शहराचा निघतो. आमच्या हॉलमधला, गेल्या दिवाळीपासून भिंतीवरून न हललेला टीव्ही मुंबईत होता. आणि एक रेडमी नोट पुण्यात होता, पंधरा मिनिटांपूर्वी वापरलेला.

“पुण्यात कोण आहे आपलं?” नवऱ्यानं विचारलं, जणू माझा सख्खा भाऊ तिथं राहत नाही.

भावाकडं आयफोन आहे. मी त्या रेडमीचं नाव दोनदा वाचलं आणि मग आठवलं. तो माझाच फोन होता. वरच्या कोपऱ्यात काचेला बारीक तडा होता, मागच्या कव्हरवर अंबाबाईचं स्टिकर होतं. मी नवा घेतला तेव्हा तो बावड्याच्या मामीला गेला. म्हणजे पुण्यात कुणी नव्हतं. आमच्या घरापासून केएमटीनं, म्हणजे शहरातल्या बसनं, जेमतेम अर्ध्या तासावर, कसबा बावड्यात, मामी माझ्या खात्यातून हरिपाठ ऐकत होती.

आपल्याकडं मोबाइल घरातल्या घरात खाली खाली येत जातो. कमावत्यानं नवा घेतला की त्याचा जुना बायकोला, बायकोचा आईला, आईचा गावाकडच्या आत्याला, आणि शेवटी बॅटरी फुगली की पोरांना गाणी लावायला. दुकानात विकायला गेलात तर तिथला पोरगा वर न बघता पहिला प्रश्न विचारतो, “आयडी काढलाय काय?” त्याला कारण आहे. २०१५ साली अँड्रॉइडच्या ५.१ आवृत्तीपासून अशी सोय आली, की खातं न काढता बाहेरून बटणं दाबून फोन पुसला तर सुरू होताना तो आधीच्या मालकाचंच खातं मागतो. चोराला उपयोग होऊ नये म्हणून केलेली सोय, पण जुन्या फोनच्या धंद्यात त्यामुळं आयडी न काढलेला फोन म्हणजे डोक्याला ताप. घरातल्या घरात फोन देताना असा पोरगा मध्ये नसतो. आमच्या मामेभावानं, पम्यानं, मामीला फोन लावून दिला तेव्हा म्हणे त्यानं विचारलं होतं की रिसेट मारू काय, आणि मीच म्हटलं होतं, कशाला, त्यात अभंग भरलेत, मामीला होतील. नवीन आयडी कुठं काढत बसायचा. ताईचा आहे की. एका घरात एक गॅस कनेक्शन, एक रेशन कार्ड, तसा एक आयडी. आमच्या नात्यात आजही असे फोन आहेत ज्यांवर कुठल्या पुतण्याचं, कुठल्या जावयाचं खातं चालू आहे ते खुद्द वापरणाऱ्याला माहीत नाही. त्याला एवढंच माहीत की फोन चालतोय.

बाकीच्या ओळींचा निकाल मी पटापट लावला. एक ‘विंडोज’ म्हणून होतं. ते बहुतेक झेरॉक्सच्या दुकानातलं, जिथं प्रिंट काढायची म्हणून आपण उभ्या उभ्या मेल उघडतो आणि मागच्या माणसाची घाई बघून बंद न करताच निघतो. एक शाळेच्या स्टाफरूममधलं, जे आम्ही सहाजणी वापरतो. साइन आउट. साइन आउट. इथून बटण दाबलं म्हणून तिथलं यंत्र पुसलं जात नाही. एवढंच होतं की त्या यंत्राला पूर्वी दिलेली परवानगी रद्द होते आणि पुन्हा आत यायचं तर पासवर्ड लागतो. झेरॉक्सवाल्याला कळणारही नाही. प्ले स्टोअरची यादी आणखी वेगळी असते, तिथं जुनी यंत्रं नुसती नजरेआड करता येतात. त्या यादीत एक एसएम-जे२००जी सापडला. सॅमसंगचा जे टू. शेवटचा वापर जुलै २०२१. त्या जुलैत शाहूपुरीत नणंदेच्या घरात पाणी शिरलं तेव्हा तो खालच्या फडताळात होता. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी. त्या वर्षी ५५ च्याही वर गेलं होतं, आणि २०१९ मध्ये एवढं झालं म्हणजे आता पुन्हा लवकर होणार नाही असं सगळेच म्हणत होते. पाणी उतरल्यावर नणंदेनं तो धुऊन, पुसून, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. उघडला तर कॅमेऱ्याच्या काचेमागं गाळाची एक पिवळी रेघ. तो मेला त्याला इतकी वर्षं झाली आणि यादीत त्याचं नाव व्यवस्थित, मॉडेल नंबरासकट. मी तो नजरेआड केला नाही. काही कारण नाही, राहू दे म्हटलं.

मग राहिला बावड्याचा फोन.

मामीबद्दल सांगायचं तर ती साठीच्या आसपासची आहे, नेमकी किती ते पुढं येईलच. भगवा चौकातून आत, जुनं घर, मागं गोठा. साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की तिच्या अंगणात बसलं तरी मळीचा तो गोड-आंबट वास नाकात बसतो आणि घरी येऊन तोंड धुतलं तरी जात नाही. मामांची बुलेट आहे. ती त्यांची आहे. मामी मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईला जाते ती केएमटीनं, बस चुकली तर वडापनं, आणि परतताना दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी कुणाला आणायला ये म्हणत नाही. मामा वाईट नाहीत. त्यांना कधी सुचत नाही इतकंच. लग्नकार्यात मामी स्वयंपाकघरात असते. तांबड्या रश्श्याला तिचा हात लागल्याशिवाय आमच्याकडं पंगत बसत नाही. ‘तुला काय हवंय मामी’ असं तिला कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

हिस्ट्री मी बघितली. कुणी बघितली नसती? खातं माझंच होतं. यूट्यूबवर कधी काय बघितलं ते तारीख-वार लावून ठेवलेलं असतं. तीन, अठरा नाहीतर छत्तीस महिन्यांनी आपोआप पुसायची सोय करून ठेवता येते, ती मी केलेली नव्हती. दुपारी दोन ते चार. मामांची झोपायची वेळ. उन्हाळ्याच्या तोंडाला नुसतंच गाडी सुरू कशी करायची. मग तोल. मग एकच व्हिडिओ चार दिवस लागोपाठ, वळण घेण्याचा. मध्ये एक आठवडा काहीच नाही, आणि त्यानंतर गुडघ्याला खरचटल्यावर काय लावावं. ते वाचून मी हसले आणि लगेच घाबरलेही. कुणाची गाडी घेतली असेल? निळी. शेजारच्या नर्सबाईंची निळी आहे. जूनमध्ये रस्त्यावरच्या खुणांचे व्हिडिओ सुरू झाले: गोलातल्या खुणा, त्रिकोणातल्या खुणा, प्रश्न आणि चार पर्याय. शिकाऊ लायसन्सची परीक्षा. ते सहा महिने चालतं आणि महिन्यानंतर पक्कं मागता येतं, हे मामी एका दुपारी तीनदा ऐकून गेली होती. नाव लिहिण्यापुरतं शिकलेल्या त्या बाईला वाचायला किती वेळ लागतो मला माहीत आहे. लग्नपत्रिकेवर बोट ठेवून ती एकेक अक्षर लावते. आणि हे घरात कुणाला माहीत नव्हतं. मामांना नाही, पम्याला नाही. मला माहीत होतं, आणि मला माहीत असणं तिला माहीत नव्हतं.

तिथंच मला खरं अडकायला झालं. ते पान विचारतं, हे यंत्र ओळखता का? ओळखत असाल तर ठेवा, नसाल तर काढा. सगळी रचना परक्या माणसाला धरून केलेली: कुणीतरी अंधारात बसलाय, त्याला तुमचे पैसे हवेत. आमच्याकडं परका कुणी आलाच नव्हता. आमच्याकडं जे बघतात ते घरचेच बघतात, आणि त्यांच्यापासून सांभाळायचं असतं ते पैशांपेक्षा फार बारीक काहीतरी असतं. चार-सहा महिने गुपचूप, खरचटत, गाडी शिकावी आणि एक दिवस सगळ्यांसमोरून भुर्रकन जावं, एवढी एक हौस. ती मी रात्री उशाशी फोन घेऊन, जाहिराती टाळत, फुकट बघत होते.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, त्यानं मी उठून बसले. खातं त्या फोनवर उघडं आहे म्हणजे नुसतं तिचं माझ्याकडं येत नाही. मेलचं ते लाल-निळं पाकीट तिच्याही स्क्रीनवर आहे. माझ्या मेलमध्ये काय नाही? भावाशी वडिलोपार्जित घरावरून झालेली, वकिली भाषेत लिहिलेली पत्रापत्री. मुख्याध्यापकांना न पाठवलेला राजीनामा. आणि दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट. ती तपासणी मी घरात कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही रिपोर्ट चांगला आल्यावर सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मामी आली होती. वाण दिलं, ओटी भरली, आणि निघताना चपला घालता घालता मामी म्हणाली, “सगळं चांगलं हाय न्हवं आता?” मी म्हटलं, आहे की. वाटलं, सगळ्यांना विचारतात तसं विचारलं. ‘आता’ का म्हणाली ते मनात आलंच नाही.

साइन आउटच्या बटणावर माझं बोट होतं. इथं बसल्या बसल्या दाबता आलं असतं, मामी बावड्यात आणि मी राजारामपुरीत. मग दुपारी दोन वाजता तिच्या फोनवर पासवर्ड मागणारी पाटी आली असती. ती घाबरली असती, पम्याला पुण्यात फोन लावला असता, पम्यानं कामाच्या घाईत ‘ताईला विचार’ म्हटलं असतं. आणि ताईनं काय सांगितलं असतं? शिवाय तिचे सगळे नंबर, गवळी, गॅसवाला, माहेरची माणसं, सेव्ह होत होते माझ्याच खात्यात. खातं गेलं की तेही गेले. मी बोट उचललं आणि रविवारी बावड्याला गेले.

मामीला म्हटलं, फोनची जागा भरत आलीय, तुम्हाला वेगळा आयडी काढून देते. हे अर्धं खरं होतं. मामा बाहेर कट्ट्यावर होते. आम्ही स्वयंपाकघरात खाली बसलो, चुलीवर दूध तापत होतं. आधी नंबर सगळे फाइल करून बाजूला काढले. मग नवीन खातं. नाव टाकलं, आडनाव टाकलं. जन्मतारीख म्हटल्यावर मामी हसली. “एक जून टाक. गुरुजींनी सगळ्यांचीच एक जून घातलीया.” साल कुठलं? आधार कार्ड आणायला ती उठली आणि देवघरातल्या डब्यातून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत आधार, मतदानाचं कार्ड, एक पासबुक, आणि पासबुकाच्या मागून डोकावणारा घडी घातलेला कागद, वर फोटो चिकटवलेला, आरटीओचा असावा असा. तिनं तो आत सारला. मी सालाकडं बघत होते.

पासवर्डला आलो तेव्हा मी सवयीनं हात पुढं केला, की मी टाकते. घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड मीच टाकलेत आजवर आणि सगळ्यांचे एकसारखेच. मामीनं फोन आपल्याकडं वळवून घेतला. “मी करतो की. तू दुधाकडं बघ.” मी दुधाकडं बघितलं. दूध उतू जायचं सोडाच, त्याला अजून साय धरायलाही अवकाश होता. मागं तिचं बोट एकेका अक्षराला थांबत होतं, खोडत होतं, पुन्हा लिहीत होतं. दोन्ही वेळा तिनंच लिहिला आणि दोन्ही वेळा तो जुळला. विसरलात तर कुणाचा नंबर द्यायचा, असं ते पुढं विचारत होतं. मी माझा सांगणार तेवढ्यात ती म्हणाली, “माझ्या भनीचा घाल. कागलच्या.” पम्याचा नको काय, म्हटलं. “नको.”

नंबरांची फाइल आत घेतली. गवळी आला, गॅसवाला आला. मग सेटिंगमध्ये जाऊन माझं खातं त्या फोनवरून काढून टाकलं. यूट्यूब उघडलं तर ते कोरं, कुणाचं काय आवडतं त्याला काहीच माहीत नाही. सगळ्यांना दाखवतात ती सिनेमाची आणि क्रिकेटची चित्रं. मामीचं तोंड जरा उतरलं. “माझं हरिपाठाचं गेलं व्हय?” मी म्हटलं, शोधून देते, आणि काय टाइप करू म्हणून थांबले. ती म्हणाली, “राहू दे. मला सापडतंय.”

आता दूध खरोखरच वर आलं होतं. तिनं पदरानं भांडं उतरवलं आणि पाठमोरी असतानाच विचारलं, “म्हणजे आता माझ्या फोनमधलं तुला काय दिसणार न्हाई?”

“काही नाही.”

“बरं.”

“आणि माझे मेल तुम्हाला दिसणार नाहीत,” मी म्हटलं.

“ते मी वाचत न्हवतोच,” मामी म्हणाली. कपात चहा गाळता गाळता थांबली. “रिपोर्ट तेवढा पम्याच्या बायकोकडनं वाचून घेतला हुता.”